गडकरीला भेटू

ठाण्यात ‘गडकरीला भेटू’ हे वाक्य दिवसाकाठी किती वेळा बोललं जात असेल, देव जाणे. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना नाटक बघायचंच नसतं. कुणाला तलावपाळीला चक्कर मारायची असते, कुणाला राम मारुती रोडवर ब्लाउजपीस बदलून घ्यायचा असतो, कुणाचं लग्न जमतंय का ते बघायला दोन्हीकडची माणसं यायची असतात. गडकरी म्हणजे गडकरी रंगायतन हे नाट्यगृह, रंगायतन म्हणजे वाट बघत उभं राहायची जागा. २६ मे १८८५ ला नवसारीत जन्मलेला आणि २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेलेला, जेमतेम ३३ वर्षं जगलेला, नाटकं राम गणेश गडकरी या नावाने आणि कविता गोविंदाग्रज या नावाने लिहिणारा माणूस आमच्या गावात पत्ता होऊन बसलाय. वाशीतही तेच. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करणारे विष्णुदास भावे तिथे नाट्यगृहाचं नाव होऊन रिक्षावाल्याला सांगायची खूण झालेत.

तर गडकरीला, म्हणजे त्या पत्त्यावर, मला आमच्या बिल्डिंगमधली तिसऱ्या मजल्यावरची मुलगी भेटली. ती कविता करते. मोबाइलवर लिहिते, ओपन माइकला जाऊन म्हणते, आणि लिफ्टमध्ये मी सापडले की मलाही ऐकवते. चार मजल्यांत जेवढी बसेल तेवढी. त्या दिवशी लिफ्ट नव्हती, म्हणून तिने सवडीने विचारलं, “काकू, कविता सुधारायची तर मी कुणाच्या कविता वाचू?”

मी म्हटलं, “नाटकं वाच.”

पाय मुरगळला म्हणून डॉक्टरकडे जावं आणि त्याने डोळे तपासायला घ्यावेत, तसा तिचा चेहरा झाला.

“म्हणजे बघू?”

“बघ की. पण मी वाच म्हटलं.”

हे उत्तर माझं नव्हे. मामाचं आहे.

माझा मामा चरईत दोन खोल्यांत राहायचा आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. दिवसा नटबोल्ट मोजायचे, संध्याकाळी कंपनीच्या नाटकमंडळींची तालीम. कामगार नाट्यस्पर्धेत त्यांचं नाटक दर वर्षी उतरायचं. मामाने तोंडाला रंग कधी लावला नाही. तो प्रॉम्प्टर. विंगेत, एका स्टुलावर, हातात पेन्सिलएवढा टॉर्च.

छापील पुस्तकावरून प्रॉम्प्टिंग करणं त्याला पटायचं नाही. अख्खं नाटक तो हाताने उतरवून काढायचा, आणि कागदाला पैसे पडू नयेत म्हणून रद्दीत निघालेली स्टॉक रजिस्टरं वापरायचा. लाल कापडी पुठ्ठा, आडव्या निळ्या रेघा, उजवीकडे तीन रकाने: आवक, जावक, शिल्लक. मामाने ते रकाने वाया जाऊ दिले नाहीत. पात्र आलं की आवकमध्ये नाव, गेलं की जावकमध्ये, आणि शिल्लकमध्ये या घडीला रंगमंचावर कोण कोण उरलंय ते. शिवाय संवादात पेन्सिलीच्या खुणा. एक उभी रेघ म्हणजे श्वास. दोन रेघा म्हणजे पॉज. त्रिकोण म्हणजे ‘हा इथे हमखास घसरतो’.

प्रॉम्प्टरचे नियम दोनच, असं तो सांगायचा. पहिला, सबंध वाक्य कधी द्यायचं नाही, पहिला शब्द द्यायचा. पहिला शब्द मिळाला की नट उरलेलं वाक्य स्वतःच ओढून आणतो, आणि आणत नसेल तर ते वाक्य लिहिणाऱ्याचं चुकलंय. दुसरा, पॉजमध्ये प्रॉम्प्ट द्यायचा नाही. माणूस विसरल्यामुळे गप्प आहे की मुद्दाम गप्प आहे, हे विंगेतल्या अंधारातून त्याच्या पाठीकडे बघून ओळखायचं. मामाने नवखेपणी एकदा हा घोळ केला होता. नायक बापाच्या प्रेतापाशी मुद्दाम थांबला होता, मामाला वाटलं गडी अडला, आणि तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा शब्द त्याने दिला. मध्यंतरात नायकाने त्याला जे सुनावलं ते त्याने मला कधी शब्दशः सांगितलं नाही.

सतरा वर्षांची असताना मी त्याला माझी कविता दाखवली. पावसावर होती, अर्थातच. त्याने ती नाटकाची वही वाचावी तशी, पेन्सिल हातात घेऊन वाचली. मग म्हणाला, “हे कोण म्हणतंय?”

“मी.”

“मी म्हणजे कोण? भाजी आणायला गेलेली मी, का बाबांना घाबरणारी मी? आणि म्हणतेयस कुणाला?”

“कुणालाच नाही. कविता आहे ती.”

“मग पावसाला तरी सांग गं. समोर कुणीतरी हवं. नाहीतर हात कुठे ठेवायचे ते कळत नाही.”

रंगमंचावर पहिल्यांदा उभा राहिलेला हौशी नट हाताचं काय करायचं या काळजीत असतो. खिशात घालतो, पाठीमागे बांधतो, उगाच कॉलर नीट करतो. माझ्या त्या कवितेतली विशेषणं म्हणजे असेच कॉलर नीट करणारे हात होते. हे कळायला मला पुढची दहा वर्षं लागली, आणि त्या दहा वर्षांत मी कवितांपेक्षा नाटकं जास्त वाचली. काही मामाच्या रजिस्टरांत, बाकीची ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून. हे संग्रहालय १८९३ सालचं. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांतले. तिथून आणलेल्या जुन्या नाटकांच्या समासात कुणाकुणाच्या पेन्सिलीच्या रेघा सापडायच्या. मला प्रत्येक रेघ श्वासाची वाटायची.

पहिलं रजिस्टर हाती लागलं ते ‘एकच प्याला’चं. खरं सांगायचं तर आज ते सलग वाचताना दम लागतो. गडकऱ्यांचं वाक्य एकदा सुटलं की उपमांचे चार डबे जोडून घेतल्याशिवाय थांबत नाही. मामाच्या वहीत त्या पानांवर उभ्या रेघांचं कुंपणच झालंय. नव्या कवीने ही भाषा उचलू नये. उचलली की आयुष्यभर तिचं भाडं भरावं लागतं. पण त्या नाटकाबद्दलची एक गोष्ट मी कवितेच्या प्रत्येक कार्यशाळेत सांगते. ‘राजहंस माझा निजला’ लिहिणाऱ्या कवीच्या या नाटकातली पदं त्याची स्वतःची नाहीत. ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली. नाटक रंगभूमीवर आलं १९१९ सालीच, पण गडकरी गेल्यावर. बालगंधर्वांची सिंधू त्यांनी पाहिली नाही, आणि त्या सिंधूच्या गळ्यातलं गाणं त्यांचं नव्हतं. मग या नाटकातला कवी गडकरी शोधायचा कुठे?

मला तो शिल्लकच्या रकान्यात सापडला. पहिल्या अंकात त्या रकान्यात गर्दी असते: सुधाकर, सिंधू, रामलाल, शरद, पद्माकर. मग तळीराम आवकमध्ये येतो. त्याचं ते आर्यमदिरामंडळ येतं, हशा येतो. मधल्या अंकांत शिल्लकमध्ये हसणारी माणसं वाढत जातात. शेवटाकडे एका पानावर मामाने लिहिलंय, ‘शिल्लक: सिंधू, मूल’. वकिलाची बायको, आता दुसऱ्यांचं दळण दळतेय. बाकी काही नाही. माणसं एकेक करून वजा करत जायची आणि उरलेल्याला बोलू द्यायचं, हे नाटककाराचं गणित आहे. कवितेतही आधी गर्दी करून मग ती काढून घेता येते, हे मला कुठल्या कवितासंग्रहाने सांगितलं नव्हतं. स्टॉक रजिस्टराने सांगितलं.

देवलांचं ‘शारदा’ मात्र कोणत्याही कवीने आज सकाळी उठून वाचावं. १८९९ सालचं नाटक, आणि भाषा अशी की काल बाजारात ऐकली असावी. ‘म्हातारा इतुका न, अवघें पाउणशें वयमान, लग्ना अजुनि लहान.’ पुढे दंताजीचं ठाणं येतं (आम्हा ठाणेकरांना इथे उगीच आपलेपणा वाटतो), कान येतात, डोळे येतात, म्हाताऱ्याची एकेक चौकी उठत जाते. आता हेच कवीने स्वतःच्या तोंडून म्हटलं असतं तर? पंचाहत्तरीच्या माणसाने कोवळ्या मुलीशी लग्न करणं कसं वाईट, यावर एक रागीट आणि बरोबर कविता झाली असती. ती लोकांनी वर्तमानपत्रात वाचून घडी घालून ठेवली असती. इथे बोलणारं तोंड चेष्टेखोर आहे आणि ते म्हाताऱ्याची बाजू घेतंय. बाजू घेतच त्याला उभा सोलतंय. राग आहे, पण तो ऐकणाऱ्याला यावा म्हणून म्हणणाऱ्याने स्वतःकडे ठेवलेला नाही.

संस्कृत नाटकांकडे मी वळले ती भीतभीतच. शाळेतलं संस्कृत गुणांसाठी घेतलेलं, त्याची रूपं तेवढी डोक्यात. मराठी अनुवाद समोर ठेवून लोकलमध्ये वाचायचे, ठाणे स्लो, सकाळची ८.१२, मस्जिदपर्यंत तासाभराची बेगमी. काव्यांत नाटक रम्य, नाटकांत शकुंतला, त्यात चौथा अंक आणि त्यातले चार श्लोक, असं एक जुनं सुभाषित आहे. पाहुण्यांना घरातलं सगळ्यात चांगलं भांडं दाखवावं तसे ते चार श्लोक लोक दाखवतात. मला त्या अंकातलं दुसरंच काही तरी लागलं, आणि ते श्लोकात नाही, साध्या गद्यात आहे. सासरी निघालेली शकुंतला कण्वांना सांगते, की ती गाभण हरिणी आहे ना, झोपडीपाशी चरणारी, जडावलेली, ती सुखरूप विली की मला कुणाच्या तरी हाती निरोप पाठवा. एवढंच. शकुंतला स्वतः त्या वेळी पोटुशी आहे. ते ती म्हणत नाही. हरिणीबद्दल विचारते. मुलुंडच्या आसपास हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. माझी आई लग्नानंतर पहिल्यांदा माहेरून निघताना आजीला म्हणाली होती, मांजरीला दूध द्यायला विसरू नका. आजी ही गोष्ट हसून सांगायची. आई कधी हसलेली मला आठवत नाही.

पण मला खरं पकडलं ते भवभूतीने.

‘उत्तररामचरित’चा पहिला अंक. लंकेहून परतल्यावर राम, लक्ष्मण आणि सीता आपल्याच वनवासाची चित्रं बघतायत, आपण जुना अल्बम बघतो तशी. बघता बघता राम सीतेला रानातल्या रात्रींची आठवण करून देतो. गालाला गाल लावून आपण हळूहळू, काहीबाही, कशाचा कशाला क्रम नाही असं बोलत पडायचो, आणि प्रहर कधी गेले ते न कळता ‘रात्रिरेव व्यरंसीत्’. रात्रच संपली. या श्लोकाची एक दंतकथा पंडितांत चालत आलीय. भवभूतीने आधी ‘रात्रिरेवं’ लिहिलं होतं म्हणे, ‘रात्र अशी संपली’. कालिदासाने ऐकलं आणि म्हणाला, एक अनुस्वार जास्त झालाय. टिंब काढलं आणि ‘एवं’चं ‘एव’ झालं. रात्रच तेवढी संपली, बोलणं नाही. कालिदास आणि भवभूती यांच्यामध्ये काही शतकं आहेत, तेव्हा ही गोष्ट घडलेली असणं शक्य नाही. पण एका टिंबाने किती फरक पडतो हे सांगायला दोन कवींना शतकं ओलांडून एकत्र बसवणारी माणसं काय रसिक असतील!

कविता शिकवणारे इथे थांबतात. टिंबाची गोष्ट सांगतात, वा वा होते. मामाच्या पद्धतीने वाचलं तर पुढे जावं लागतं. हे कोण म्हणतंय? राम. कुणाला? सीतेला. कधी? तिला टाकायच्या काही घटका आधी. तो सुटा श्लोक सुभाषितसंग्रहात वाचला तर सुंदर प्रेमकविता आहे. आपल्या जागी वाचला की अंगावर काटा येतो, आणि त्यातला एकही शब्द बदललेला नाही.

पुढे तर कहर आहे. दमलेली सीता रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपते. तिच्याकडे बघत राम म्हणतो, हिचं काय प्रिय नाही मला? असह्य होईल असं एकच, हिचा विरह. श्लोकाचा शेवटचा शब्द ‘विरहः’. आणि त्याच क्षणी प्रतिहारी, म्हणजे दारावरची सेविका, आत येते, तिच्या प्राकृतात म्हणते: देवा, आला आहे.

कोण आला आहे? रामही तेच विचारतो. आला आहे दुर्मुख, लोक काय बोलतात त्याची खबर आणणारा सेवक. त्याने आणलेल्या खबरीनेच विरह येणार आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानात ती दोन वाक्यं जोडली गेलेली असतात: विरह… आला आहे. एक वाक्य दोन तोंडांत मोडलंय. पहिल्या तोंडाला ठाऊक नाही की आपलं वाक्य पुरं व्हायचंय, दुसऱ्याला ठाऊक नाही की आपण ते पुरं करतोय. आपण नवकवी ओळ मधेच तोडून खाली आणतो आणि त्या तोडण्याला फार मोठं काहीतरी समजतो. हा माणूस आठव्या शतकात ओळ तोडून दुसऱ्याच्या तोंडात ठेवतो. मी विक्रोळी ते घाटकोपर ते एकच पान परत परत वाचत होते, आणि त्या दिवशी मस्जिदला उतरायचं राहिलं. सीएसएमटीवरून चालत मागे आले. लेट मार्क लागला.

मामाला सांगितलं तर तो म्हणाला, “एन्ट्री टायमावर आली, एवढंच.” मग थोड्या वेळाने, “पण त्या प्रतिहारीचं काम करणाऱ्या पोरीला तालमीत किती बडवलं असेल.”

‘मृच्छकटिक’ हसण्यासाठी वाचावं. तिसऱ्या अंकात शर्विलक नावाचा ब्राह्मण चोर चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडायला येतो, आणि भोक कोणत्या आकाराचं पाडावं यावर विचार करत बसतो. सात प्रकार मोजतो: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, अशी चोरीच्या शास्त्रातली नक्षी. भाजक्या विटेच्या भिंतीला पूर्णकुंभ शोभेल असं ठरवतो. मोजायची दोरी घरी विसरलाय, म्हणून जानवं काढून त्याने माप घेतो, आणि जानवं हे ब्राह्मणाला किती उपयोगी हत्यार आहे याचं कौतुकही करतो. सकाळी शेजारीपाजारी जमतील, मला नावं ठेवतील, पण कारागिरी बघून मानही डोलवतील, ही आशा त्याला आहेच. हा कवी आहे हो! वृत्त निवडतोय, मात्रा मोजतोय, आणि लोक काय म्हणतील ते आधीच ऐकतोय. एवढं सगळं करून तो आत शिरतो तर घरात मृदंग, वीणा, बासरी आणि पुस्तकं. नेण्यासारखं काही नाही. शेवटी झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेयच दागिन्यांची पुरचुंडी त्याच्या हातात देतो. मी रचनेच्या फारच प्रेमात पडले की हा प्रसंग परत वाचते. भोक पूर्णकुंभाचंच पाडायचं, पण आत जायचं कशाला ते विसरायचं नाही.

शेक्सपिअर मी मराठीतून वाचला आणि त्याची लाज वाटत नाही. ‘राजा लिअर’ विंदा करंदीकरांनी मराठीत आणलंय, म्हणजे एका कवीने दुसऱ्याच्या तालमीला बसून केलेलं काम. मूळ इंग्रजी नंतर शेजारी ठेवून पाहिलं. शेवटच्या प्रसंगात म्हातारा लिअर मेलेल्या मुलीला घेऊन बसलाय. ती आता यायची नाही हे सांगताना त्याच्या तोंडी एक सबंध ओळ आहे, आणि त्या ओळीत ‘नेव्हर’ हा एकच शब्द पाच वेळा आहे. शेक्सपिअरच्या ओळीचा एरवीचा ठेका हलका-जड, हलका-जड असा पाच ठोक्यांचा. इथे मोजून तेवढेच ठोके, पण उलटे पडलेले. जड-हलका. पायरी उतरताना अंदाज चुकावा तसं होतं. आणि लगेच पुढे तो शेजारच्याला म्हणतो, हे एवढं बटण सोडा हो जरा. आभारी आहे.

पाच वेळा ‘कधीच नाही’ म्हणायला धैर्य लागतं, पण ते एखाद्या धीट कवीला जमेल. बटण कुणाला सुचणार? माझे वडील गेले त्या रात्री आईने मला विचारलं होतं, उद्याचं दूध बंद करायला सांगितलंस का. त्यावर मी आजवर सात वेळा कविता लिहायला घेतलीय. दरवेळी दुधाच्या आधी दोन ओळी जास्त होतात.

लिअरवरून लोक ‘नटसम्राट’कडे जातात. कुसुमाग्रजांचं १९७० सालचं नाटक, त्यातली लिअरची छाया उघड आहे. माझं मत ऐकून काही जण रागावतील. बघायला ते मोठंच आहे, पण कविता लिहू लागलेल्या मुलांनी ते जरा जपून वाचावं. त्यातली स्वगतं इतक्या वक्तृत्वस्पर्धांत इतक्या फुगलेल्या छात्यांतून बाहेर पडलीत, की आपल्या कवितेत तो आवाज कधी शिरला ते कळत नाही. आधी आप्पासाहेब बेलवलकर कावेरीशी हळू आवाजात बोलतात ती पानं वाचावीत. टाळीची नंतर.

टाळीवरून आठवलं. मी तेविसाव्या वर्षी एका कविसंमेलनात कविता वाचली. कुठल्या ते राहू दे. कवितेच्या मध्यावर मी थांबले, ठरवून, दोन उभ्या रेघांचा पॉज. आयोजकांना वाटलं संपली. त्यांनी माइक घेऊन ‘वा, वा’ म्हटलं, सभागृहाने टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या कवीचं नाव पुकारलं गेलं. उरलेली अर्धी कविता हातात घेऊन मी खाली आले. मामा शेवटच्या रांगेत होता. जांभळी नाक्यापर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “पॉज बरोबर होता. प्रॉम्प्टर चुकीचा होता.”

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मी त्यानंतर वाचलं, आणि ते वाचायला तीच वेळ योग्य होती. १९६७ सालचं नाटक. हौशी नाटकमंडळी गावात प्रयोगाला आलीयत, अगदी मामाच्या कंपनीतल्या मंडळींसारखी. वेळ जावा म्हणून लुटुपुटूचा खटला चालवतात, आरोपी म्हणून बेणारे बाईंना उभं करतात, आणि खेळता खेळता तिचं सगळं आयुष्य उघडं पाडतात. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलायची मुभा देतात. दहा सेकंद. आणि मग बाई बोलते. पानंच्या पानं बोलते. शाळा, तिचा मामा, प्रेम, शरीर, जगणं. ती बोलत असताना बाकीची सगळी पात्रं जागच्या जागी गोठलेली. तिचं संपतं, ती हलू लागतात, आणि काशीकर सांगतात की आरोपीला दिलेली वेळ संपली.

म्हणजे ती बोललीच नाही. त्या खोलीत दहा सेकंदांची शांतता होती, बस. आपण ऐकलं, त्यांनी नाही.

कविता म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी व्याख्या देत नाही, हे नाटक हातात देते. भाजीवाल्याकडे सुट्ट्या पैशांची वाट बघताना, साहेबासमोर मान खाली घालून उभं असताना, फोनवर ‘बरं, ठेवते’ म्हणण्याआधी, त्या दहा सेकंदांत आत जे काही बोललं जातं त्याला बाहेर कुणी साक्षीदार नसतो. मामाचा प्रश्न तिथे आणखी अवघड होतो. कोण म्हणतंय ते कळतं. कुणाला, ते कळत नाही. समोर सगळे गोठलेले. तरी बेणारे बाईचे हात कुठे ठेवायचे हा प्रश्न पडत नाही, कारण ते सगळे तिच्या समोर आहेत. तेंडुलकरांनी एकालाही जावकमध्ये टाकलेलं नाही.

आणखी बरंच आहे. आरती प्रभूंच्या कविता आवडत असतील तर तोच माणूस चिं. त्र्यं. खानोलकर या नावाने ‘एक शून्य बाजीराव’मध्ये काय करतो ते बघा. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तला दारापुढे गंजत पडलेला ट्रॅक्टर बघा, तो कशाचं तरी प्रतीक आहे असं नाटकात कुणी म्हणत नाही, अंधारात त्याला ठेच मात्र लागू शकते. आणि कवींनी लिहिलीत म्हणून सगळी काव्यमय नाटकं वाचायची गरज नाही. त्यांतल्या कित्येकांत नोकर, राजा, वेडा आणि दासी सगळे कवीच्याच आवाजात बोलतात. तपासायची युक्ती मामाची: डावीकडच्या पात्रांच्या नावांवर अंगठा ठेवायचा आणि नुसतं वाक्य वाचून कोण बोलतंय ते ओळखायचं. ओळखता आलं नाही तर पुस्तक परत.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला मी यातलं थोडं सांगितलं, बरंचसं गाळलं. एक रजिस्टर मात्र दिलं. ‘शारदा’चं, कारण त्यात त्रिकोण सगळ्यात कमी आहेत. पंधरा दिवसांनी तिचा मेसेज आला, ‘गडकरीला भेटू?’

संध्याकाळी सातची वेळ. आम्ही तलावपाळीच्या कठड्याला टेकलो. कोपिनेश्वराच्या बाजूने घंटा, समोर पाणीपुरीवाल्यांची गर्दी, तलावात पायडलच्या बोटी. तिने मोबाइल काढला. कविता एका मैत्रिणीला उद्देशून होती, परदेशी निघून गेलेल्या. पूर्वी तिच्या कवितेत जी मोघम ‘तू’ असायची ती नव्हती. हिला चष्मा होता, आणि हिने उसने घेतलेले पाचशे रुपये परत केले नव्हते. मी काही बोलले नाही. ती वाचत शेवटाला आली. शेवटची ओळ तिने जरा वर चढवून म्हटली, की तू एकदा तरी परत यायला हवंस.

आणि कठड्याच्या पलीकडून बोटवाला तोंडाशी हात धरून ओरडला, “सात नंबर! टाइम संपला, परत या!”

हे मी रचून सांगतेय असं वाटेल. तलावपाळीवर संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहून बघा, तो दर मिनिटाला कुणाला ना कुणाला परत बोलावत असतो.

आम्ही दोघी हसलो, म्हणजे आधी मी, मग ती. सात नंबरमधल्या जोडप्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बोट उलटी, मधल्या बेटाकडे वळवली. तो परत ओरडला. मुलीने मोबाइलवर अंगठा फिरवून शेवटची ओळ पुसली, आणि कर्सर तिथेच लुकलुकत ठेवला. काही टाइप करेना. एक मिनिट झालं, दोन झाली. माझ्या अगदी ओठांवर एक शब्द आला होता.

मी दिला नाही.